चौथा असेसर

सोलापुरात हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा खोली शोधत मी अप्पांच्या दारात गेलो. माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत हे रस्त्यावरून दिसत होतं. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आत काही म्हणजे काही नव्हतं. खाली ओट्यावर सुताच्या लडींच्या ढिगात एक गृहस्थ बसले होते. त्यांना विचारलं, "खोली मिळेल का?" त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "परवा सांगतो."

परवापर्यंत त्यांना काय ठरवायचं होतं ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी मी वर्गावर शिकवत होतो, तर खिडकीबाहेर हेच गृहस्थ छत्रीवर दोन्ही हात टेकून उभे. तास संपेपर्यंत हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा म्हणाले, "या ऱ्हायला. पोरांवर ओरडत न्हाई तुमी. फळ्यावर मात्र लई भरभर लिवता."

असे मला अप्पा भेटले. पुढं दहा-अकरा वर्षं मी त्यांचा भाडेकरू होतो. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी ऐकली नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. घरी कानडी, दुकानात मराठी आणि विणकर मंडळी सूत न्यायला आली की त्यांच्याशी तेलुगू, असं त्यांचं बोलणं दिवसभर बदलत असे. माणूस कट्टर लिंगायत. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, आणि घराबाहेर कुणाच्या हातचं काही तोंडात घालायचं नाही. लग्नाच्या पंगतीत यजमानानं कितीही आग्रह केला तरी ते हात जोडून मांडवात बसून राहत.

त्यांचं वैशिष्ट्य म्हणाल तर कुठल्याही गोष्टीवर ते लगेच मत देत नसत. अव्वांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आमटीला मीठ बरोबर आहे का विचारलं, तर दोन घास आणखी खाऊन, पाणी पिऊन मग सांगायचे. तोवर अव्वा दुसऱ्या कामाला गेलेल्या असायच्या. गिऱ्हाइकानं "माल चांगला हाय का?" विचारलं की लडीतला एक धागा ओढायचा, बोटांत फिरवायचा, तोडायचा, तुटलेलं टोक उजेडात धरायचं, आणि मग स्वतःच्याच मालाबद्दल सांगायचे, "मधनं मधनं तुटंल." 'नक्की' हा शब्द त्यांना खपत नसे. मी कधी "संध्याकाळी नक्की येतो" म्हटलं, की म्हणायचे, "येतो एवढं म्हणा की मास्तर. 'नक्की'चं ओझं कशाला?"

त्यांची दुसरी एक गोष्ट पहिल्या महिन्यातच आमच्या घरात वादाला कारण झाली. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिच्या पायांत चांदीचे वाळे होते आणि कानांत सोन्याच्या बारीक बाळ्या. एका दुपारी अप्पांनी तिला ओट्यावर मांडीत घेतलं, बोलत बोलत वाळे काढले, बाळ्या काढल्या आणि ते सगळं एका ताटलीत घालून अव्वांच्या हातून वर माझ्या बायकोकडे पाठवलं. बायकोला ते फार लागलं. मी खाली जाऊन विचारलं, तर अप्पा म्हणाले, "पोरीच्या अंगावर घालू नका. घालायचंच असलं तर तिला दाराबाहेर सोडू नका. दोन्हीतलं एक करा."

नंतर कळलं की सगळ्या गल्लीत ते हेच करतात. रस्त्यात कुठलंही मूल दागिना घालून दिसलं की त्याच्या आईला गाठायचे. बायका त्यांना पाहिलं की मुलांना पदराआड घ्यायच्या. यामागचं कारण मला तुकड्यातुकड्यानं कळलं. ते एकत्र सांगतो.

त्या काळी सेशन्स कोर्टात खुनाचा खटला चालला की गावातली तीन-चार प्रतिष्ठित माणसं जज्जाच्या शेजारी बसवत. त्यांना असेसर म्हणत. सगळा पुरावा ऐकून शेवटी प्रत्येकानं आरोपीनं गुन्हा केला की नाही एवढं सांगायचं. ते मत जज्जानं मानलंच पाहिजे असं नव्हतं. शिक्षेबद्दल तर असेसरनं बोलायचंच नाही. व्यापारी, पेन्शनर असे लोक यादीत असत. बरेच जण कोर्टाचा समन्स आला की आजारी पडत. जे येत त्यांतले निम्मे दुपारच्या उकाड्यात पेंगत.

अप्पा पहिल्यांदा असेसर झाले ते तीस सालच्या मार्शल लॉच्या आधी दोन-तीन वर्षं, मी सोलापुरात येण्यापूर्वी. गिरणीतल्या एका जवान कामगारानं शेजारच्या सात वर्षांच्या पोरीला शेंगा देतो म्हणून नेलं, तिच्या अंगावरचे दागिने काढून घेतले आणि ती नाव सांगेल म्हणून तिचा गळा दाबला. दागिने त्याच्या ट्रंकेत सापडले. अप्पांनी मत दिलं, "दोषी." बाकीच्यांनीही तेच दिलं. जज्जानं फाशी सांगितली, हायकोर्टानं कायम केली. शहरात कुणालाही त्याबद्दल शंका नव्हती, अप्पांनाही नव्हती.

पण फाशीची तारीख समजली तेव्हा अप्पा पुण्याला निघाले. अव्वांनी विचारलं, कशाला? तर म्हणाले, "मी म्हटलं, म्हणून तिथवर गेला तो. मग शेवटपर्यंत जायाला नको?"

तुरुंगाच्या आत त्यांना कोण सोडणार? ते सकाळी दारासमोर झाडाखाली उभे राहिले. तिथं एक म्हातारी बसली होती. ती त्या कामगाराची आई, माढ्याकडच्या खेड्यातली. खटला चालू असताना रोज कोर्टाच्या व्हरांड्यात बसायची, पण मुलाशिवाय तिनं कुणाकडे पाहिलंच नव्हतं, त्यामुळं अप्पांना तिनं ओळखलं नाही. प्रेत गावी न्यायची ऐपत नव्हती. तिच्याबरोबर आलेल्या दोन माणसांनी तिथंच सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत अप्पा डब्यात चढले, तर समोरच्या बाकावर तीच म्हातारी.

दौंड गेल्यावर तिनं फडकं सोडलं. कुणीतरी बांधून दिलेली भाकरी आणि कांदा होता. अर्धी भाकरी तिनं अप्पांपुढं धरली आणि म्हणाली, "खावा की बाबा. लांबचा पल्ला हाय."

हे मला सांगताना अप्पांच्या हातात सुताची लड होती. मी म्हटलं, "तुम्ही बाहेरचं खात नाही, हे तिला सांगितलं असेल."

"न्हाई. खाल्ली मी."

"मग?"

"मग काय? कुर्डुवाडीला ती उतरली. बोचकं मी खाली दिलं. तुजा मुलगा माज्या मतानं गेला, हे सांगितलं न्हाई." सुताची लड त्यांनी बाजूला सरकवली. "मास्तर, त्याला फाशी दिली ते बरोबरच हुतं. अजून मला तसंच वाटतंय. पण ती भाकरी मी खायाला नको हुती. सांगायचं, मग ती देती का बघायचं."

त्या दिवसापासून त्यांनी मुलांच्या अंगावरचे दागिने काढायला सुरुवात केली होती. म्हणायचे, "मारणारा फासावर गेला. वाळे घालणारीला कुणी काही विचारलं न्हाई. तिला विचारायचं पण न्हाई, तिची पोर गेली. पण दुसऱ्या बायांना तरी सांगायला पाहिजे का नको?"

शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी ओट्यावर बसून आम्ही पुष्कळ वेळा या विषयावर बोललो. मी तेव्हा नव्या विचारांचा होतो. सरकारला माणूस मारण्याचा अधिकारच नाही, असं माझं म्हणणं. अप्पा ते ऐकून घ्यायचे. खोडून काढायचे नाहीत आणि मान्यही करायचे नाहीत. एकदा म्हणाले, "तुमी सगळ्यांना सोडा म्हणता, शेजारचे पेन्शनर सगळ्यांना लटकवा म्हणतात. दोघांचं काम सोपं हाय. एकेक माणूस बघायला दोघांनाबी नको."

दुसरा समन्स आला तो मी राहायला आल्यावर तीन-चार वर्षांनी. उन्हाळ्याची सुट्टी होती. अप्पा म्हणाले, "चला मास्तर. वकील आणि जज्ज आपसांत इंग्रजीत काय बोलतात ते मधल्या सुट्टीत मला सांगत जा." म्हणून त्या खटल्याचे चारही दिवस मी कोर्टात मागच्या बाकावर होतो.

आरोपीच्या पिंजऱ्यात एक बाई होती. माळशिरस तालुक्यातल्या एका वाडीची, वय पंचवीसच्या आतबाहेर. नवऱ्यानं दुसरी केली होती आणि हिला घराबाहेर काढली होती. माहेरी भाऊ होता, पण भावजयीनं चार दिवसांत वाट दाखवली होती. परत सासरच्या गावी येऊन गोठ्यात राहत होती. पाच वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी. एका सकाळी ती दोन्ही मुलांसकट विहिरीत पडली. मोटेवरच्या माणसांनी उड्या घेतल्या. ती जिवंत निघाली, मुलं नाही.

सरकारचं म्हणणं होतं की तिनं उडी घेतली, मुलं तिनं मारली, तो खून. तिच्या वकिलाचं म्हणणं होतं की पाणी भरायला गेली, मुलगी कडेवर, मुलगा पदर धरून, पायऱ्यांवर शेवाळ, पाय घसरला. वकील तरुण होता आणि मनापासून लढत होता. पंचनाम्यात शेवाळ होतंच. मोटेवरच्या माणसांनी तिला पडताना पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ऐकला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोर्टातल्या सगळ्यांना वाटायला लागलं होतं की बाई सुटते. सरकारी वकिलाचाही चेहरा तसा काही पडलेला नव्हता. ती सुटली तर त्यालाही बरंच वाटलं असतं असं मला वाटतं.

बाई स्वतः काहीच बोलत नव्हती. जज्जानं विचारलं, "पाय घसरला का?" ती पिंजऱ्याच्या लाकडाकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी गावचा पाटील साक्षीला उभा होता. उलटतपास संपला. जज्जानं रीतीप्रमाणे असेसरांना विचारलं, "कुणाला काही विचारायचं आहे?" कधी कुणी विचारत नसे. अप्पा उठले.

"पाटील, पाणी भरायला गेली म्हणता. कळशी कुटं हुती?"

पाटील गोंधळला. "कळशी?"

"विहिरीवर हुती का पाण्यात हुती?"

पाटलानं आठवून सांगितलं, "विहिरीवर न्हवती. गोठ्यात हुती जी. पालथी घातलेली. मी पंचनाम्याला गेलो तवा बघितली."

"आणि पोरगी? कडेवर हुती का कशी?"

"काढली तवा आईच्या कमरंला पदरानं बांदलेली हुती. गाठ सुटंना म्हणून कापावी लागली."

हे पोलिसांनी नोंदवलं नव्हतं, की नोंदवून त्याकडे दुर्लक्ष केलं होतं, मला माहीत नाही. जज्जाची लेखणी कागदावर चालू झाली. तरुण वकील खाली बसला. अप्पाही खाली बसले, आणि मागून मला दिसत होतं की रुमालानं ते मान पुसताहेत.

चौथ्या दिवशी असेसरांची मतं. चौघं होते, अप्पा चौथे. पहिले तिघं एकापाठोपाठ म्हणाले, "पाय घसरला. निर्दोष." त्यांनी पाटलाची साक्ष ऐकली होती. त्यांना खरं काय ते कळत नव्हतं असं नाही. बाईला फाशी होऊ नये म्हणून ते तसं म्हणाले आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. मीही तेच म्हटलं असतं.

जज्ज मराठीच होते, कोरड्या स्वभावाचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. "तुमचं मत?"

अप्पा उठले. "साहेब, माजं मत दोन वाक्यांचं हाय. दोन्ही लिवणार असाल तर सांगतो."

"खून केला की नाही एवढंच विचारलं आहे. एक वाक्य पुरे."

"एका वाक्यात ते खोटं हुतंय."

सरकारी वकील हसला. जज्ज हसले नाहीत. "असेसरनं शिक्षेबद्दल मत द्यायचं नसतं, हे तुम्हांला माहीत असेल."

"ठावं हाय. मागं एकदा 'दोषी' एवढंच म्हणून मी गप बसलो. माणूस फासावर गेला. त्याचं मला वाईट वाटत न्हाई. पण माजं काम एका शब्दाचं, पुढचं काय ते दुसऱ्यांचं, असं मी धरून चाललो हुतो. तसं नसतंय साहेब."

जज्जांनी लेखणी दौतीत ठेवली आणि खुर्चीत मागं टेकले. "मी लिहीत नाही. ऐकतो. बोला."

अप्पा एकदा पिंजऱ्याकडे वळले, मग पुन्हा जज्जांकडे. नेहमीसारखे थांबून थांबून बोलले.

"हिनं केलं. घसरली न्हाई. पोरगी कमरंला बांदली, पोराचा हात धरला आणि उडी घेतली. पण साहेब, त्या मागल्या माणसाला पोर मारून जगायचं हुतं. चांदी विकून मजेत जगायचं हुतं. हिला जगायचंच न्हवतं, आणि पोरं कुणाच्या दारात टाकावी असं दार हिला दिसलं न्हाई. फाशी कशाला देता? दुसऱ्यांना जरब बसावी म्हणून. जी आधीच मरायला निघाली तिला कसली जरब? हिला फाशी दिली, तर हिनं जे अर्धं केलं ते सरकारनं पुरं केलं, एवढंच हुईल."

"झालं?"

"झालं."

जज्जांनी लेखणी उचलली. "मग मत काय लिहू?"

अप्पा जज्जांकडे बघत म्हणाले, "दोषी."

तेव्हा त्या बाईनं पहिल्यांदा मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता की काय, ते मला सांगता येणार नाही.

निकाल दोन दिवसांनी होता. तिघं निर्दोष म्हणाले आणि अप्पा एकटे दोषी म्हणाले, शिवाय कळशीचा प्रश्न त्यांनीच विचारला, ही बातमी आम्ही घरी पोचण्याआधी गल्लीत पोचली होती. नळावर बायका अव्वांना बोलल्या. अव्वांनी अप्पांशी बोलणं टाकलं. जेवणाचं ताट समोर ठेवायच्या आणि आत जायच्या. माझी बायको मला म्हणाली, "तुमच्या अप्पांना नेमकी कळशीच कशी दिसली?" एक म्हातारी विणकरीण सूत न घेता परत गेली आणि जाताना तेलुगूत काहीतरी म्हणाली. अप्पांनी मला त्याचा अर्थ सांगितला नाही.

मीही त्यांच्यावर रागावलो होतो. संध्याकाळी म्हटलं, "तुम्ही तो प्रश्न विचारला नसता तर बाई सुटली असती."

"व्हय."

"मग का विचारला?"

"मनात आला. मनात आलेला गिळायचा आणि तिथं बसायचं, तर बोलावलं कशाला मला? विचारला खरा. पाटील बोलत हुता तवा इकडं उत्तर पायजे आणि तिकडं नको, असं झालं."

ते दोन दिवस त्यांनी दुकान उघडलं, पण सूत हातात घेतलं नाही. गिऱ्हाइकाला म्हणत, "तुमीच बघून घ्या."

निकाल इंग्रजीत होता. जज्ज वाचत होते आणि मी अप्पांच्या मागं बसून त्यांच्या कानात सांगत होतो. दोषी. मग जज्ज शिक्षेच्या भागावर आले. त्या वेळचा कायदा असा होता की खुनाला फाशी नाहीतर काळं पाणी, म्हणजे जन्मठेप. आणि फाशी दिली नाही तर ती का दिली नाही याची कारणं जज्जानं लिहून द्यायची. जज्जांनी कारणं लिहिली होती. शिक्षेचा हेतू इतरांना परावृत्त करणं हा असेल, तर स्वतःच्या मृत्यूला कवटाळायला निघालेल्या व्यक्तीच्या बाबतीत तो हेतू साधत नाही. आरोपीला कसलाही लाभ अभिप्रेत नव्हता. आणि असंच आणखी. जन्मठेप सांगितली, आणि सरकारनं दया दाखवून ती पुष्कळ कमी करावी अशी शिफारस जोडली.

अप्पा हळूच म्हणाले, "हे माजंच हाय की."

"तुमचंच आहे. नाव नाही."

"नाव कशाला." मग त्यांनी विचारलं, "फाशी देताना कारणं लिवावी लागतात का?"

"नाही. न देताना लागतात."

"म्हंजे त्या मागल्या पोराच्या वेळी काहीच लिवलं नसंल."

"नसेल. लिहायची गरज नव्हती."

अप्पांनी छत्री उचलली आणि चालू लागले.

जज्जांची शिफारस गेली होती तरी अप्पांनी माझ्याकडून गव्हर्नरसाहेबांना एक अर्ज इंग्रजीत लिहवून घेतला. मी लिहिलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला. 'दुर्दैवी स्त्री' असं मी लिहिलं होतं, तर म्हणाले, "दुर्दैवी काढा. ते वाचणाऱ्याला दिसतंय. कळशीचं लिवलं का?"

"कळशीचं कशाला? ते तिच्या विरुद्ध जातं."

"विरुद्ध असंल ते आधी लिवा. म्हंजे बाकीचं खरं वाटंल."

तसा अर्ज गेला. शिक्षा कमी झाली खरी. जज्जांच्या शिफारशीनं झाली की आमच्या अर्जानं, कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर अप्पांना आणखी दोनदा समन्स आला आणि दोन्ही वेळा ते गेले. मला वाटलं होतं आता हे आजारी पडतील. मी तसं म्हटलंही. तर म्हणाले, "मी न्हाई गेलो तर माज्या जागी दुसरा कोणतरी बसंल. तो झोपला तर?" अव्वा तोपर्यंत बोलायला लागल्या होत्या; आठ-दहा दिवसच गप्प होत्या त्या. तो विषय मात्र घरात निघत नसे.

त्या निकालानंतर सहा वर्षांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, एक बाई दारात उभी राहिली. काखेत गाठोडं. केस पिकायला लागलेले. तिनं माझ्या मुलीला विचारलं, "सुतवाले अप्पा हितंच ऱ्हातात का?" मी ओट्यावरच होतो, पण मला ओळख पटली नाही. अप्पांना पटली. ते उठून उभे राहिले.

"कवा सुटलीस, तंगी?" कानडीत धाकट्या बहिणीला तसं म्हणतात.

"झाले आठ दिस. कोडतात तुमचं नाव आन पेठ पुकारली हुती, ते ध्येनात हुतं." ती ओट्याखाली रस्त्यावरच बसली. "काय काम असंल तर द्या."

विणकरांसाठी सूत कांड्यांवर भरून द्यायचं काम अप्पांच्या मागच्या पडवीत चालायचं. तीन-चार बायका रहाटावर बसत. अप्पांनी ताबडतोब होय म्हटलं. त्यांनी विचार न करता दिलेलं एवढं एकच उत्तर मी ऐकलेलं आहे.

अडचण आली ती अव्वांची. ज्या बाईपायी त्या नवऱ्याशी आठ-दहा दिवस बोलल्या नव्हत्या, ती प्रत्यक्ष पडवीत येऊन बसल्यावर त्यांनी घरातल्या नातवंडांना मागच्या दारी जायची बंदी केली. अप्पांना त्यांनी कानडीत काय सुनावलं ते सगळं मला समजलं नाही, पण 'मक्कळु', म्हणजे मुलं, हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. अप्पांनी वाद घातला नाही. "तुला भीती वाटती तर नको सोडू," एवढंच म्हणाले. बाईनंही कधी मुलांकडे पाहिलं नाही. एखादं मूल पळत पडवीत आलंच तर ती रहाट थांबवून, ते जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसायची. दोन-तीन महिने असं गेलं. मग एक दिवस धाकटा नातू तापानं फणफणला असताना अव्वांनीच तिला हाक मारून पाणी तापवायला सांगितलं, आणि बंदी कुणी न उठवता उठली.

तिचा भाऊ एकदा तिला न्यायला आला होता. चांगला धोतर-पटक्यातला माणूस, भरल्या डोळ्यांनी बोलत होता. आता आपली जमीन कालव्याच्या पाण्याखाली आली, ऊस लावलाय, बहिणीला काही कमी पडू देणार नाही, असं म्हणाला. ती त्याच्या पाया पडली, पण गेली नाही. अप्पांनी तिला का म्हणून विचारलं नाही. विचारणं त्यांच्या स्वभावात होतं, पण तिला त्यांनी कधीच काही विचारलं नाही.

मी विचारलं. अप्पा गिरणीत माल बघायला गेले होते आणि मी थोडं पक्कं सूत मागायला पडवीत गेलो होतो. लिहायचे कागद शिवायला लागत असे. ती एकटीच होती. म्हटलं, "भाऊ एवढा आग्रह करत होता. गेली का नाहीस?"

रहाट फिरवता फिरवता ती बोलली.

"सुटले तवा आदी भावाकडंच गेले हुते की. पाच दिस ऱ्हायले. भावजय म्हनली, वन्सं, कुनी इचारलं तर घसरले म्हना. भाऊ बी त्येच म्हनला. देवळात गेले तर गुरव म्हनला, पाय घसरला बाई तुजा, देवाची मर्जी. सगळी चांगलीच हायती. माज्या भल्याचंच सांगत्यात." तिनं तुटलेला धागा दाताखाली धरून सांधला. "पर मास्तर, मी घसरले न्हाई. सखूला मी बांदली. गाठ मी मारली, दोनदा मारली, सुटू नये म्हनून. आन थोरला मला इचारत हुता, आयं, कुटं चाललो? त्येला मी काय सांगितलं ते मला ठावं हाय. घसरले म्हनत ऱ्हायले, तर माज्या पोरांचं जे झालं त्ये कुनाचंच न्हाई व्हनार. हितं मला काय बी म्हनावं लागत न्हाई. अप्पांस्नी ठावं हाय."

कांडी भरली होती. ती काढून तिनं टोपलीत टाकली, मला हवं तेवढं सूत तोडून दिलं, आणि दुसरी कांडी रहाटाला लावली.